वाया जाणारं पाणी : युटाचं खारं तळं आणि आम्ही

डोंगरपायथा

आमच्याकडे वादळाची वर्दी ढगांच्या आधी वास देतो. वायव्येचा वारा सुटला की अर्ध्या तासात गावभर कुजक्या अंड्यांचा दर्प पसरतो, आणि त्यात काहीतरी खारट, मासळीबाजारातलं मिसळलेलं असतं. आमचे हे मूळचे मालवणचे. इथे आल्यावर पहिल्यांदा तो वास आला तेव्हा बाल्कनीत जाऊन म्हणाले, "सुकट कोण भाजतंय गं?" समुद्र इथून हजारेक किलोमीटरवर आहे!

इथे म्हणजे अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला, वॉसाच डोंगररांगेच्या पायथ्याशी. अकरा वर्षं झाली. "युटात मराठी माणसं असतात?" हे न्यू जर्सीच्या नातेवाइकांनी इतक्यांदा विचारलंय की आता मी "नाही, आम्ही एकटेच" असं सांगून मोकळी होते. गेल्या आठवड्यात पुण्याहून मावसभावाने विचारलं, "तुमचं ते तळं आटलं म्हणे?" उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर मावेना, म्हणून हा धागा.

ते तळं म्हणजे ग्रेट सॉल्ट लेक. त्यात बेअर, वेबर आणि जॉर्डन या तीन नद्या येऊन पडतात. बाहेर जायची वाट एकच, वाफ होऊन वर. नद्यांनी आणलेले क्षार मागे राहतात. तळ्याचा आकार म्हणजे परात. अफाट पसरट, आणि खोली सरासरी पंधरा फुटांच्या आसपास. परातीतलं पाणी बोटभर उतरलं तर केवढा काठ उघडा पडतो ते कणीक मळणाऱ्यांना सांगायला नको.

गंमत म्हणजे या गावाची जुनी भीती आटण्याची नाहीच, बुडण्याची आहे. १९८३ च्या वसंतात डोंगरावरचं बर्फ एकदम वितळलं आणि स्टेट स्ट्रीट हा भर गावातला रस्ता वाळूच्या पोत्यांमधून नदीसारखा वाहिला. ते फोटो इथली म्हातारी माणसं लग्नाच्या अल्बमसारखे काढून दाखवतात. तळं चढतच गेलं. १९८६-८७ मध्ये ते समुद्रसपाटीपासून ४,२११ फुटांच्या वर होतं. महामार्ग आणि रेल्वे पाण्यात जायची वेळ आली तेव्हा राज्याने सहा कोटी डॉलर खर्चून महाकाय पंप बसवले आणि तळ्याचं पाणी पश्चिमेच्या वाळवंटात नेऊन ओतलं. सॉल्टएअर नावाचा जलविहाराचा महाल आहे. मूळचा १८९३ चा, १९२५ मध्ये जळाला. १९८१ मध्ये नव्याने बांधला तर थोड्याच वर्षांत त्यात पाणी शिरलं. आज त्याच महालापासून पाण्यापर्यंत चालत जाताना पायातली चप्पल मिठाने पांढरी होते.

कारण नोव्हेंबर २०२२ मध्ये तेच तळं ४,१८८.५ फुटांवर आलं. नोंदी ठेवायला लागल्यापासून इतकं खाली ते कधीच गेलं नव्हतं. त्या वर्षी बंदरातल्या शिडाच्या होड्या क्रेनने उचलून काढाव्या लागल्या. आम्ही बघायला गेलो होतो. जेटी होती, होड्या बांधायचे खांब होते, आणि खाली चिखल.

पाऊस कमी झाला, उष्णता वाढली, हे आहेच. पण मोठं कारण वरच्या अंगाला आहे. तिन्ही नद्यांचं पाणी तळ्यापर्यंत पोचण्याआधी शेती, गावं आणि कारखाने उचलतात, आणि त्यात सगळ्यांत मोठा वाटा शेतीचा, त्यातही लसूणघासाचा. (हो, तीच, आपण गाई-म्हशींना घालतो ती. इथे तिला अल्फाल्फा म्हणतात.)

यामागे कुणी खलनायक असता तर धागा लवकर संपला असता. जुलै १८४७ मध्ये मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतच जन्मलेल्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक, इलिनॉयमधून हाकलले जाऊन, पुढाऱ्याचा खून झालेला, बैलगाड्या ओढत या खोऱ्यात उतरले. आघाडीची तुकडी बाकीच्यांच्या एक-दोन दिवस आधी पोचली, आणि तिने मुक्काम टाकल्या टाकल्या काय केलं? नांगर जुंपला आणि सिटी क्रीक हा ओढा अडवून जमिनीवर पाणी सोडलं. बायबलातलं 'वाळवंट गुलाबासारखं फुलेल' हे वचन इथे अजूनही भाषणात येतं. राज्याचं चिन्ह मधमाश्यांचं पोळं. राबायचं, वाटून घ्यायचं, थेंब फुकट घालवायचा नाही.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. त्यांच्या भावांची कॅश व्हॅलीत, म्हणजे बेअर नदीच्या खोऱ्यात, लसूणघासाची शेती आहे. एकदा कुंपणावरून गप्पा मारताना अभिमानाने म्हणाले, "ते सगळं पाणी तळ्यात जाऊन वाया जायचं. माझ्या पणजोबांनी ते अडवलं."

मी गप्प झाले. माझे साताऱ्याचे आजोबा पावसाळ्यात घाटावर उभे राहून कोकणाकडे उतरणारे ओहोळ दाखवायचे आणि म्हणायचे, "बघ, सगळं समुद्राला वाया चाललंय." दोन आजोबा, दोन खंड, आणि क्रियापद तेच.

जानेवारी २०२३ मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या पुढाकाराने एक अहवाल आला. तळ्याने ७३ टक्के पाणी आणि ६० टक्के पसारा गमावलाय, आणि २०२० पासून दरवर्षी सरासरी १२ लाख एकर-फुटांची तूट येतेय, असं त्यात होतं. आपल्या हिशेबात सुमारे ५२ टीएमसी. दरवर्षी अर्धं कोयना धरण.

बाकी प्रतिसादांत. तिकडच्या लोकांबद्दल, खाण्यापिण्याबद्दल विचारलंत तरी चालेल, एरवीही मी तिकडे घसरणारच आहे.

---

चहाबाज

धागा छान. सवडीने पुन्हा वाचतो. पण मला मूळ मुद्द्यापेक्षा महत्त्वाची शंका आहे. तिथले लोक चहा पीत नाहीत हे खरं का? मग पाहुणा आला की देतात काय?

---

डोंगरपायथा

@चहाबाज, खरं आहे. १८३३ मध्ये मॉर्मनांच्या संस्थापकाने आरोग्याचे नियम घालून दिले. दारू नाही, तंबाखू नाही आणि 'गरम पेयं' नाहीत. गरम पेयं म्हणजे चहा-कॉफी असा अर्थ लावला गेला. त्यामुळे उकळता कोको चालतो, पण बर्फ घातलेला चहा चालत नाही! पुदिना, गवती चहा वगैरे काढे चालतात. शेजारच्या आजींना मी आलं-गवती चहा-गूळ उकळून देते. त्या त्याला 'तुझा टी' म्हणतात आणि नवऱ्याकडे बघून डोळे मिचकावतात.

मग माणसाला काहीतरी व्यसन हवंच ना, तर ते सोड्याचं आहे. टपऱ्यांसारखी ड्राइव्ह-थ्रू दुकानं जागोजागी आहेत. कोकमध्ये नारळाचं सिरप, साय, लिंबू असं वाट्टेल ते घालून बादलीएवढ्या पेल्यात देतात. नाव 'डर्टी सोडा'. स्विग नावाचं दुकान २०१० मध्ये दक्षिण युटातल्या सेंट जॉर्जला सुरू झालं, त्याचं हे लोण. आई आली होती तेव्हा एक घोट घेऊन म्हणाली, "खोकल्याच्या औषधात नारळाचं दूध घातलंय."

अजून एक. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास असतो. दोन वेळचं जेवण सोडायचं, पाणीसुद्धा नाही, आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. मी कौतुकाने म्हटलं, आमच्यातही उपास असतो. शेजारणीने विचारलं, त्या दिवशी काय करता? मी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस इथपर्यंत आले आणि तिचा चेहरा बघून थांबले.

---

मीठभाकर

हाहाहा, रताळ्याचा कीस! =))

---

पाटकरी

पाण्याच्या हक्कांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, नाहीतर सगळं खापर लसूणघासावर फुटेल.

अमेरिकेच्या पश्चिमेला कायदा असा आहे : ज्याने आधी पाणी उचललं त्याचा हक्क आधी. नदी कुणाच्या शिवारातून जाते याला महत्त्व नाही. १८६० चा हक्क असलेल्याला त्याचं पूर्ण पाणी मिळाल्यावरच १९१० वाल्याचा नंबर. दुष्काळात कपात सगळ्यांना सारखी नाही, शेपटाकडून वर येते. आणि त्याला जोडून दुसरी अट : सलग काही वर्षं वापरलं नाही तर हक्क जातो. म्हणजे शेतकऱ्याने काही वर्षं समजूतदारपणे पाणी नदीत सोडलं तर कायद्याच्या नजरेत तो आळशी. तळ्याचा स्वतःचा हक्क? शून्य. तळं कुठे नांगर घेऊन आलं होतं १८४७ ला!

मी धुळ्याकडे पाटबंधाऱ्यात होतो. पांझरा काठच्या फड पद्धतीत बंधाऱ्यावरची जमीन फडांत विभागलेली असते, एका फडात एकच पीक. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारं क्षेत्रच कमी करतात, सगळ्यांचं. पाटकरी पाणी फिरवतो, त्यात शेतमालकाने हात घालायचा नाही. वाचताना आश्चर्य वाटलं की सुरुवातीच्या मॉर्मन गावांतही असंच होतं. गावाने मिळून चारी खणायची, पाळी लावायची, आणि पाळी सांभाळायला 'वॉटरमास्टर'. म्हणजे आमचाच भाऊ. पुढे वैयक्तिक हक्क आणि कालवा-कंपन्यांचे शेअर आले आणि पाणी ही खरेदी-विक्रीची वस्तू झाली.

---

डोंगरपायथा

@पाटकरी, _/\_ हे मला इतकं नीट मांडता आलं नसतं. थोडी भर : हा 'वापरा नाहीतर गमवा' कायदा २०२२ मध्ये युटाने सैल केला. आता शेतकरी आपलं पाणी ठरावीक मुदतीसाठी भाड्याने देऊन नदीतून तळ्याकडे सोडू शकतो आणि हक्कही शाबूत राहतो. २०२३ मध्ये तळ्यासाठी खास आयुक्त नेमला. त्याच वर्षी मार्चमध्ये मॉर्मन चर्चने आपल्याकडचे सुमारे २०,००० एकर-फुटांचे पाण्याचे शेअर तळ्याला कायमचे दिले. पाऊण टीएमसीपेक्षा थोडं जास्त. तुटीपुढे चमचाभर, पण इथे चर्चने काही केलं की त्याचं वजन लिटरमध्ये मोजत नाहीत.

अडचण पुढे आहे. कागदावर सोडलेलं पाणी खरंच तळ्यापर्यंत जातंय की मधल्या कुणी उचललं, हे मोजायचं कुणी? पाटकरी हवेत, जास्त पाटकरी!

---

वास्तववादी

लीहायमध्ये आयटीत आहे, आठ वर्षं इथेच. थोडं थंड पाणी ओततो (तळ्यात नाही, धाग्यावर). जानेवारी २०२३ मध्ये याच अहवालाने सांगितलं होतं की असंच चाललं तर पाच वर्षांत तळं संपेल. झालं काय? त्याच हिवाळ्यात विक्रमी बर्फ पडलं आणि उन्हाळ्यापर्यंत तळं पाच फुटांहून जास्त वर आलं. दरवेळी 'लांडगा आला' केलं की लोक ऐकेनासे होतात. शिवाय राज्याची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ३२ लाखांच्या वर गेलीय. घरं हवीत, नोकऱ्या हव्यात. तळ्याने पगार देता येत नाही.

---

डोंगरपायथा

@वास्तववादी, शेजारी निघालात की! बर्फाचं खरं आहे. २०२२-२३ च्या हिवाळ्यात डोंगरावर साठलेल्या बर्फात ३० इंच पाणी होतं, मोजमाप सुरू झाल्यापासून सर्वांत जास्त. आमच्या गॅरेजचं दार दोनदा अडकलं. पण ती लॉटरी होती. निरोगी पातळी निदान ४,१९८ फूट धरतात. २०२५ च्या शरदात तळं परत ४,१९२ च्या खाली होतं. लॉटरी लागल्यावर फेडलेलं कर्ज दोन वर्षांत पुन्हा अंगावर.

आणि पगाराचं म्हणाल तर तळ्यातून मॅग्नेशियमचे क्षार, पोटॅशचं खत, मीठ निघतं. शिवाय तळ्यावरून येणारी वाफ काही वेळा डोंगरावर जादा बर्फ पाडते. त्या बर्फावर स्कीइंगचा सगळा धंदा उभा आहे. गाडीच्या पाटीवर 'पृथ्वीवरचं सर्वांत थोर बर्फ' लिहिलेलं राज्य आहे हे! २००२ चं हिवाळी ऑलिम्पिक इथे झालं, २०३४ चं पुन्हा मिळालंय, आणि तोवर तळं निरोगी पातळीला आणू असं राज्याने २०२५ मध्ये जाहीर केलंय. पाहुणे यायच्या आधी घर आवरतात ना, तसं. माझी तक्रार नाही, निदान त्या निमित्ताने तरी.

सगळ्यांत भीती धुळीची आहे. उघड्या पडलेल्या तळात आर्सेनिक आहे. हिवाळ्यात आधीच थंड हवेवर गरम हवेचं झाकण बसतं आणि धूर खोऱ्यात कोंडतो, तेव्हा आठवडा-आठवडा समोरचा डोंगर दिसत नाही. माझ्या मुलाच्या शाळेत त्या दिवसांत मधली सुट्टी वर्गातच. त्यावर उन्हाळ्यात तळ्याची धूळही येऊ लागली तर काय, याचं उत्तर कॅलिफोर्नियात आहे. लॉस एंजेलिसने गेल्या शतकात ओवेन्स तलावाचं पाणी नेलं, तलाव कोरडा पडला, आणि ती धूळ दाबायला त्या शहराला अब्जावधी डॉलर मोजावे लागलेत.

---

वास्तववादी

धुळीचा मुद्दा मान्य. मलाही दमा आहे.

पण मग आधी हिरवळी काढा ना. आमच्या वसाहतीत फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या तीन फुटी पट्टीतही गवत आहे. त्यावर कुणी कधी पाय ठेवत नाही, फक्त पाणी घालतात आणि कापतात. माझी पट्टी मी काढली. पाणीपुरवठ्यावाले त्याचे पैसेही देतात.

---

मीठभाकर

आणि बागेच्या कच्च्या पाण्याला कित्येक ठिकाणी मीटरच नव्हता! ऑग्डेनजवळ राहायचो तेव्हा वर्षाला ठरलेली रक्कम भरायची आणि हवं तेवढं सोडायचं. डोंगरावरून कालव्याने आलेलं, न गाळलेलं पाणी. २०२२ च्या कायद्याने २०३० पर्यंत मीटर बसवायला सांगितलेत. मीटर बसला आणि आपण किती ओततोय ते आकड्यात दिसलं की लोक आपोआप हात आखडतात, हे आमच्याच गल्लीत पाहिलं.

---

कोलंबीवाला

इथे मी कधी लिहीत नाही, पण आज राहवेना. मी रत्नागिरीचा. नोकरीची पंधरा वर्षं आंध्रात, नेल्लोरच्या बाजूला कोलंबीच्या हॅचरीत गेली. आमच्या कोठीत पत्र्याच्या डब्यांची उतरंड असायची, आणि त्यातल्या कितीतरी डब्यांवर याच तळ्याचं नाव छापलेलं असे.

आत काय? आर्टेमिया नावाच्या नखाएवढ्या खाऱ्या कोळंबीची सुकी अंडी. दिसायला तपकीर. वर्षानुवर्षं डब्यात निवांत पडून राहतात. मिठाच्या पाण्यात घालायची, खालून जोरात हवा सोडायची, उजेड आणि २८ अंशांच्या आसपास ऊब ठेवायची. दुसऱ्या दिवशी टाकी नारिंगी होते, लाखो पिल्लं वळवळत असतात. कोलंबीच्या बाळांना हेच पहिलं जिवंत खाणं लागतं. बाजारात याला पर्याय आहेत, पण त्यावर वाढलेल्या पिलांत तो जोम दिसत नाही, हा माझा अनुभव. जगातल्या आर्टेमियाच्या अंड्यांतला फार मोठा हिस्सा या एका तळ्यातून येतो. भाव वाढले की आमचा मालक "अमेरिकेत तळं आटलंय" म्हणायचा. आम्हाला ती व्यापाऱ्याची थाप वाटायची.

म्हणजे तुमच्या त्या दर्पाचा आणि माझ्या पगाराचा थेट संबंध होता. ताई, तिथे ही अंडी काढतात कशी ते पाहिलंय का?

---

डोंगरपायथा

@कोलंबीवाला, तुमच्या प्रतिसादासाठीच धागा काढला होता असं आता म्हणते!

लांबून पाहिलंय. हंगाम १ ऑक्टोबर ते जानेवारीअखेर. अंडी पाण्यावर तरंगतात आणि वाऱ्याने त्यांचे तांबूस पट्टे बनतात. छोट्या विमानातून पट्टा हेरतात, खाली होड्या धावतात, आणि तेलगळती अडवायला वापरतात तसलं तरंगतं कुंपण टाकून पट्टा घेरतात. मग पंपाने ओढून पोत्यांत. राज्याचे जीवशास्त्रज्ञ हंगामभर पाण्यातली अंडी मोजत असतात. लिटरमागे २१ च्या खाली गेली की हंगाम बंद, म्हणजे पुढच्या वर्षीला बेणं उरतं. शेतकऱ्याला समजावं लागत नाही इतका साधा नियम.

२०२२ मध्ये धोका अंड्यांपेक्षा क्षारांचा होता. पाणी कमी झालं की मीठ दाटतं. दक्षिण भागाची क्षारता १८-१९ टक्क्यांवर गेली (समुद्राची साडेतीन), आणि खाऱ्या पाण्यावर वाढणाऱ्या माश्यांची (कीटक, मासे नव्हे) संख्या ढासळली. त्या माश्या आणि आर्टेमिया यांच्यावर वर्षाला सुमारे एक कोटी स्थलांतरी पक्षी जगतात. पाणडुब्या इथे येऊन चरचर चरतात, पिसं बदलतात, वजन वाढवतात आणि मग पुढे उडतात. गनिसन बेटावर पांढऱ्या पेलिकनांची मोठी वसाहत होती. पाणी हटलं, बेट जमिनीला जोडलं गेलं, कोल्ह्यासारखे कायोटी चालत पोचले. २०२३ मध्ये पेलिकनांनी ते बेट सोडलं.

कुरव पक्ष्यांची गोष्ट तर सांगायलाच हवी. १८४८ मध्ये या लोकांचं पहिलं मोठं पीक नाकतोड्यांनी फस्त करायला घेतलं तेव्हा तळ्यावरून कुरवांचे थवे आले आणि नाकतोडे खाऊन गेले, अशी त्यांची श्रद्धा. चमत्कार म्हणून त्यांच्या मोठ्या देवळाच्या (टेंपलच्या) आवारात १९१३ पासून कुरवांचा स्तंभ उभा आहे, आणि कॅलिफोर्निया कुरव हा युटाचा राज्यपक्षी आहे. तो राहतो कुठे? त्याच तळ्यात, जिथे पाणी 'वाया' जातं.

---

लोणारी

गावचा माणूस म्हणून विचारतो. आमचं लोणार जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे रंग आला असं सांगितलं. तुमच्या तळ्याचेही गुलाबी फोटो दिसतात, आणि मधोमध रेघ मारल्यासारखी. ती रेघ कसली?

---

डोंगरपायथा

@लोणारी, जात तीच. फरक असा की आमच्याकडे उत्तरेचा भाग कायमचाच गुलाबी. ती रेघ म्हणजे रेल्वेचा बांध. १९०४ मध्ये तळ्यावरून लाकडी पूल टाकला, १९५९ मध्ये त्याजागी दगडमातीचा भराव आला, आणि तळ्याचे दोन तुकडे झाले. नद्या सगळ्या दक्षिणेला, म्हणून उत्तरेचं पाणी मिठाने जवळजवळ तृप्त. तिथे हे गुलाबी जीव सोडून फारसं कुणी जगत नाही. २०१६ मध्ये बांधाला एक फट ठेवली. २०२२ पासून त्या फटीचा उंबरा वर-खाली करून दक्षिणेतलं मीठ आवरतात. म्हणजे उत्तर बळी, दक्षिण वाचवा.

त्याच गुलाबी किनाऱ्यावर रॉबर्ट स्मिथसन या कलाकाराने १९७० मध्ये काळ्या दगडांची दीड हजार फूट लांबीची चकली घातली, 'स्पायरल जेटी'. लवकरच ती बुडाली आणि तीसेक वर्षं जवळपास पाण्याखाली होती. २००२ पासून बहुतेक काळ उघडी आहे. आता पाणी तिच्यापासून इतकं लांब गेलंय की ती वाळूतच पडलेली दिसते.

---

भटकभवानी

वाचनखूण साठवली. दोन शंका. एक, 'मॉर्मन' म्हटलेलं त्यांना चालतं का? दोन, त्यांच्या आधी तिथे कोणी राहत नव्हतं का? 'ओसाड वाळवंट फुलवलं' हे वाक्य मला नेहमी खटकतं.

---

डोंगरपायथा

@भटकभवानी, पहिलं : २०१८ पासून चर्चने हे टोपणनाव नको असं सांगितलंय, पूर्ण नाव घ्या म्हणतात. पूर्ण नाव घेईपर्यंत चहा (काढा) गार होतो. शेजारचे आजोबा स्वतः 'आम्ही मॉर्मन' म्हणतात, सूनबाई दुरुस्त करतात.

दुसरं : खटकायलाच हवं. राज्याचं नावच यूट लोकांवरून आलंय. उत्तरेला शोशोनी होते. वसाहतवाल्यांच्या गुरांनी गवत संपवलं, उपासमार झाली, चकमकी झाल्या, आणि २९ जानेवारी १८६३ ला बेअर नदीकाठी, आज शेजारच्या आयडाहो राज्यात असलेल्या जागी, अमेरिकी सैन्याने शोशोनींच्या हिवाळी तळावर हल्ला केला. किमान अडीचशे माणसं मारली, बायकामुलांसकट. शाळेत याला बरीच वर्षं 'लढाई' म्हणत.

शोशोनींच्या वायव्य शाखेने ती जागा २०१८ मध्ये विकत घेतली. तिथली उपरी झाडं काढून विलो वगैरे मूळची लावताहेत, आणि नदी मोकळी करून वर्षाला सुमारे १३,००० एकर-फूट पाणी तळ्याकडे जाऊ द्यायचं असा त्यांचा बेत आहे. अर्ध्या टीएमसीच्या वर. ज्यांची जमीन गेली, ते पाणी परत देताहेत.

---

चहाबाज

यावर काही बोलवत नाही.

---

रंगपंचमी

थोडं अवांतर. स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिराची होळी अजून होते का? २०१४ मध्ये गेलो होतो. दहा हजार गोरी पोरं, अंगभर गुलाल, 'हरे कृष्ण' म्हणत उड्या मारताहेत आणि एकही प्यायलेलं नाही!

---

डोंगरपायथा

@रंगपंचमी, होते तर. बहुतेक मुलं चर्चच्या विद्यापीठातली, त्यामुळे भांगेचा प्रश्नच नाही. मंदिराच्या आवारात मोर आणि लामा आहेत, मुलांना देवापेक्षा त्यांचं आकर्षण जास्त. २०२५ च्या जूनमध्ये त्याच मंदिरावर रात्री गोळ्या झाडल्या गेल्या, भिंतींना आणि कमानींना भोकं पडली. सुदैवाने कुणाला लागलं नाही.

आम्ही एरवी साऊथ जॉर्डनच्या गणपतीला जातो. मोदकांची उकड इथल्या कोरड्या हवेत हां हां म्हणता तडकते, ओलं फडकं सोडू नका, हा अनुभवाचा सल्ला.

आणि इथली माणसं? धाकटीच्या वेळी दवाखान्यातून घरी आले तर वॉर्डातल्या बायकांनी आठवडाभर जेवण पोचवलं. वॉर्ड म्हणजे चर्चचा मोहल्ला. पहिल्याच दिवशी आली ती चीज घातलेल्या बटाट्यांची थाळी, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा. छान लागली. सासूबाईंनी नाव विचारलं. 'फ्युनरल पोटॅटोज'. मयताच्या घरी न्यायचे बटाटे, बाळंतिणीला! त्यात चिकनचं सूपही असतं हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्या मायबोली-मिसळ काही वाचत नाहीत, म्हणून इथे लिहितेय.

---

मीठभाकर

सासूबाईंना लिंक पाठवू का? ;)

बाकी गव्हर्नर कॉक्सनी जून २०२१ मध्ये अख्ख्या राज्याला पावसासाठी प्रार्थना करायला सांगितलं होतं ते राहिलं. स्वतः लसूणघास पिकवणाऱ्या घरातले. तेव्हा बऱ्याच जणांनी टिंगल केली होती. मला गावची 'धोंडी धोंडी पाणी दे' आठवली आणि टिंगल करवेना.

---

पाटकरी

प्रार्थना करावी, आणि मीटरही बसवावा.

लसूणघासाबद्दल एक सांगून थांबतो. तिथला शेतकरी ती हट्टाने लावत नाही. उन्हाळा आखूड, थंडी कडक, मजूर मिळत नाहीत. एकदा पेरली की चार-पाच वर्षं कापत राहायची, मोसमात तीनेक कापण्या, दुष्काळात झोपून राहते आणि पाणी मिळालं की उठते. आपल्याकडे ऊस का लावतात, त्याच धर्तीची कारणं. "ऊस सोडा" म्हणणाऱ्याला आमचे शेतकरी विचारतात, "आणि काय लावू? हमी कोण देतं?" युटातही प्रश्न तोच असणार. भाड्याने पाणी सोडण्याचे पैसे घासाच्या पैशांपेक्षा जास्त आणि वेळेवर मिळाले, तर सोडतील.

---

डोंगरपायथा

@पाटकरी, शेजारच्या आजोबांना तुमचा प्रतिसाद भाषांतर करून ऐकवला. म्हणाले, भावाने गेल्या वर्षी एका शेताचं पाणी भाड्याने सोडलं. "पैसे चांगले आले. पण जुलैत ते शेत पिवळं बघवत नव्हतं." मग बराच वेळ टोमॅटोला काठ्या बांधत बसले.

---

भटकभवानी

ताई, एप्रिलमध्ये पाच दिवस येतेय. झायन, ब्राइस वगैरे दक्षिणेचं ठरलंय. तळं बघायला एक दिवस आहे. कुठून बघू?

---

डोंगरपायथा

@भटकभवानी, सकाळी लवकर अँटिलोप बेटावर जा. गाडी थेट बांधावरून जाते. बेटावर शेकडो बायसन आहेत, १८९३ मध्ये आणलेल्या बाराच जनावरांची प्रजा. फोटोसाठी जवळ जाऊ नकोस, बैल दिसतो त्यापेक्षा चपळ असतो. पाण्यापर्यंत चालत जायला अर्धा तास धर, जुने बूट घाल. मेमध्ये चावणाऱ्या चिलटांचा हंगाम येतो, एप्रिलच्या सुरुवातीला आलीस तर वाचशील.

दुपारी स्पायरल जेटीला जायचं तर पेट्रोल आणि पाणी ब्रिगहॅम सिटीत भरून घे, पुढे फारसं काही नाही. शेवटचा पंधरा-सोळा मैलांचा रस्ता खडीचा आहे. वाटेत गोल्डन स्पाइक लागेल. १० मे १८६९ ला पूर्व आणि पश्चिमेची रेल्वे तिथे जोडली. थांब, पण फार नको, गुलाबी पाणी उतरत्या उन्हात बघायचंय.

मुक्कामाला घरी ये. येताना अर्धा किलो चहापत्ती आण, कोरी, मसाल्याची नको. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते. आणि घाबरू नकोस, इथले पत्ते शाळेतल्या आलेखासारखे असतात : मॉर्मन देवळापासून इतके पूर्वेला, इतके दक्षिणेला. वास आला की समज, जवळ पोचलीस.